अक्षरी रुपये एकोणसाठ हजार फक्त

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण प्रोग्रामरना कोड लिहायला मदत करणाऱ्या एआय साधनांचा तक्ता छापलात. पाच नावं, प्रत्येकापुढे टक्के आणि पहिल्या नावावर मुकुटाचं चित्र. आमच्या ऑफिसात तो कापून फळ्यावर लावला गेला आणि त्यावरून दोन दिवस भांडण झालं. भांडणात मीही होते, म्हणून हे पत्र. लांबलंय. कापायचंच झालं तर शेवटून कापा, मधून नको.

मी नौपाड्यात राहते. महापेला एका गाळ्यात आमचं चौघांचं ऑफिस आहे. पतसंस्था आणि गृहनिर्माण सोसायट्यांसाठी मराठीतून हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. रोज ट्रान्सहार्बरनं घणसोलीला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. या धंद्यात मला तीस वर्षं होऊन गेली. सुरुवात फॉक्सप्रो या त्या काळच्या डेटाबेसवर केली, आता बरंचसं काम जावा या भाषेत आहे, थोडं पीएचपीत. आणि एका जुन्या ग्राहकाकडे १९९८चं फॉक्सप्रो अजून चालू आहे. ते बंद करायला गेलं की तिथले हेडक्लार्क रजेवर जातात.

आधी तक्त्यातल्या टक्क्यांबद्दल. ते कुठून आले हे आपण छापलं नव्हतं. असे आकडे बहुतेक वेळा एसडब्ल्यूई-बेंच नावाच्या परीक्षेतले असतात. २०२३ साली संशोधकांनी गिटहबवरच्या (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती साइट), पायथन भाषेतल्या बारा प्रकल्पांतून २,२९४ खऱ्याखुऱ्या तक्रारी आणि त्यांच्या दुरुस्त्या गोळा केल्या. २०२४मध्ये त्यातल्या ५०० माणसांकडून तपासून वेगळ्या काढल्या गेल्या. जाहिरातीत दिसणारे टक्के बहुधा या पाचशेपैकी, आणि त्या पाचशेतले निम्म्याच्या आसपास प्रश्न एकट्या जँगो या, वेबसाइट बांधायला वापरतात त्या प्रकल्पाचे. परीक्षा खोटी आहे असं मी म्हणत नाही. मेहनतीनं बनवलेली आहे. पण आमच्या गाळ्यात पायथन नाही, जँगो नाही आणि इंग्रजीतून तक्रार करणारा ग्राहकही नाही. आमचा ग्राहक फोन करून म्हणतो, ‘‘ताई, काळे कुठे गेले?’’ या काळ्यांवर पुढे येतेच.

दुसरी गोष्ट, तक्त्यात तीन वेगळ्या जातींची साधनं एका रांगेत उभी होती. गिटहब कोपायलट २०२१ला चाचणीसाठी आणि २०२२ला सर्वांसाठी आलं तेव्हा ते अर्धी ओळ लिहिली की उरलेली पुढे करायचं. मोबाइलवर टाइप करताना पुढचा शब्द सुचवला जातो, त्याचाच थोरला भाऊ. कर्सर हा कोड लिहायचा अख्खा एडिटरच. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड घेऊन त्यात एआय मुरवलेला. आणि २०२५मध्ये तिसरी जात आली : क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत काम सांगायचं. ते आपल्या फायली उघडून वाचतं, बदलतं, चाचण्या चालवतं, चुकलं तर पुन्हा खटपट करतं. आता प्रत्येक जण दुसऱ्याचं काम करायला लागलाय, त्यामुळे भिंती पातळ झाल्यात. तरी पहिल्या जातीत तुम्ही लिहीत असता आणि तिसऱ्या जातीत तुम्ही तपासत असता. हे दोन वेगळे धंदे आहेत.

माझ्याकडे लाल कापडी पाठीची एक वही आहे. ग्राहकानं फोन करून झापलं की ती चूक वहीत जाते, ही पंचवीस वर्षांची सवय. त्या वहीतून साठ चाचण्या काढल्या आणि दिवाळीनंतर तीन साधनांना त्याच क्रमानं दिल्या. नावं इथे लिहीत नाही. पत्र छापून येईपर्यंत त्यांची आवृत्ती बदललेली असेल आणि माझ्या साठ प्रश्नांवरून कुणाच्या कपाळी शिक्का नको. ऑफिसातल्या मुलांनी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणायला सुरुवात केली होती, मीही तेच म्हणते.

पहिली चाचणी साधी. पावतीवर ‘अक्षरी रुपये’ असतात, तिथे आकडा मराठी शब्दांत लिहून दाखवा. रक्कम ५९,०७९. थोरल्यानं झटक्यात शंभर ओळींचा तक्ता लिहिला आणि पावतीवर आलं ‘उनसठ हजार उन्यासी’. हिंदी! बाकी रचना देखणी, टिपणं मराठीत, व्याकरणशुद्ध. मधल्यानं तक्ता न करता नियम केला : दशक आधी, एकक नंतर. त्याची पावती ‘पन्नास नऊ हजार सत्तर नऊ’. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली होती आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता, आठवतं ना? मधला त्या बाजूचा निघाला. शाळेत असेल ते असो, मुदत ठेवीच्या पावतीवर ‘पन्नास नऊ’ छापलं तर ठेवीदार ठेव काढून घेईल.

खरी गंमत धाकट्याची. त्यानं एकोणसाठ बरोबर लिहिलं, एकोणऐंशी बरोबर लिहिलं, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याण्णव सगळं ठीक. शिवाय न सांगता शंभर चाचण्या लिहून चालवल्या आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, दाखवल्या. मी खूश. चार दिवसांनी आमच्या ऑफिसात ऐरोलीहून कामाला येणाऱ्या मुलीनं सहज तक्ता वाचला. ४९ला एकोणपन्नास होतं आणि ३९लाही एकोणपन्नास. मग चाचण्या हिरव्या कशा? धाकट्यानं उत्तरपत्रिका त्याच तक्त्यावरून उतरवली होती. पेपर त्यानंच काढला, त्यानंच सोडवला आणि तपासलाही त्यानंच. आता आमच्याकडे नियम आहे : कोड यंत्रानं लिहिला तर अपेक्षित उत्तर माणसानं आपल्या हातानं लिहायचं. मुलीनं एक ते नव्याण्णव स्वतः टाइप केले. तिचं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. चौसष्टला अडली तेव्हा आईला फोन लावला.

दरम्यान थोरल्याचं ‘उनसठ’ एका नमुना पावतीवर राहून गेलं होतं. ती पावती घेऊन आम्ही कळव्याच्या एका पतसंस्थेत गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी चष्मा वर केला, पावती हातभर लांब धरली आणि म्हणाले, ‘‘ताई, ही आपली पतसंस्था आहे की लखनौची?’’ चूक माझी. प्रिंट काढण्याआधी मी वाचली नव्हती.

आता काळे. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ळला लच्या लगेच पुढची जागा मिळाली आहे, म्हणजे वच्या आधी. आपल्या वर्णमालेत तो हनंतर येतो. म्हणून साधी क्रमवारी लावली की आडनावांची यादी येते काळे, कावळे, कासार. आपल्या क्रमानं हवं कावळे, कासार, काळे. शंभर सभासदांत चालून जातं, चार हजारांच्या यादीत कारकून भलत्या पानावर शोधत बसतो आणि मग मला फोन. तिघांनीही साधी क्रमवारीच लावली. ‘चुकलंय’ एवढंच सांगितल्यावर मधल्यानं सगळ्यात चांगलं उत्तर दिलं : मराठीचा वर्णक्रम युनिकोडवाल्यांच्या सामायिक भांडारात तयार आहे, तो आयसीयू नावाच्या लायब्ररीतून (तयार कोडच्या संचातून) घ्या, स्वतः काही लिहू नका. सहा ओळी. थोरल्यानं आपला वर्णक्रम हातानं लिहायला घेतला, ऐंशी ओळी झाल्या, आणि त्यात ऱ विसरला.

ऱची वेगळीच कथा. हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठू शकतं : अखंड ऱ म्हणून, नाहीतर र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, असा जोड म्हणून. डोळ्यांना फरक दिसत नाही. शोधताना मात्र ‘बोऱ्हाडे’ टाइप केलं तर यादीतले निम्मे बोऱ्हाडे सापडतात, निम्मे नाहीत. दोन्ही रूपं आधी एकसारखी करून घ्यायची, हा उपाय. थोरल्यानं तो बिनचूक केला. धाकट्यानं नुक्ता हा हिंदी-उर्दूचा कचरा समजून सरसकट पुसून टाकला आणि चाळीस-पन्नास बोऱ्हाडे ‘बोर्हाडे’ झाले. इथे आपला मुकुट कुणाला द्यायचा? मधला अंकात नापास, वर्णक्रमात पहिला. थोरला अंकात हिंदी, ऱमध्ये उत्तम.

पण तक्रारच करत बसले तर अन्याय होईल. चाचणी क्रमांक ४१ : २९ फेब्रुवारी २०२४ला ठेवलेली एक वर्षाची ठेव. मुदत कधी संपते? आमच्या कोडात पावती छापणारा भाग २८ फेब्रुवारी २०२५ म्हणायचा आणि व्याज काढणारा भाग १ मार्च. एका दिवसाचं व्याज कुठून तरी येत होतं आणि ताळेबंदात टोचत होतं. व्याजाचं ते फंक्शन बाराशे ओळींचं; लिहिणारा गृहस्थ केव्हाच परदेशी गेला. त्यात हात घालायला मी स्वतः घाबरायचे. मधल्याला म्हटलं, बदलू नकोस, फक्त वाच आणि मराठीत समजावून सांग. त्यानं पायरीपायरीनं सांगितलं, दोन ठिकाणी तारीख वेगळ्या रीतीनं पुढे सरकते ते ओळ क्रमांकासह दाखवलं, आणि तिसरं एक ठिकाण दाखवलं जे मला माहीतच नव्हतं. मी दोन दिवस धरले होते. सव्वा तासात घरी जायला मोकळी झाले, आणि घणसोलीला संध्याकाळची गाडी बसून मिळाली. हे गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

तेच काम थोरल्याला दिलं तर त्यानं तारीख दुरुस्त केली आणि जाता जाता आणखी सहा फायलींत पैशांचं पूर्णांकन ‘सुसंगत’ करून ठेवलं. कुणी सांगितलं होतं? मूळ कोडात जोडण्याआधी काय काय बदललं ते बघायची सवय होती म्हणून सापडलं. नाहीतर मार्चअखेरीला चार-दोन पैशांचे फरक हजार खात्यांत विखुरले असते, आणि पैशाचा फरक शोधणं हे रुपयाच्या फरकापेक्षा कठीण, हे कुठलाही बँकवाला सांगेल.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या २०२५च्या पाहणीत ६६ टक्के प्रोग्रामरांनी हीच कटकट सांगितली होती : उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पूर्ण नाही. वेळाचंही तसंच. एआयची क्षमता तपासणाऱ्या मेटर या संस्थेनं २०२५मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामर घेतले, त्यांच्या रोजच्या प्रकल्पांतली २४६ कामं घेतली, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं काही कामांना एआय वापरायला दिलं, काहींना नाही. कामाआधी त्यांना वाटत होतं २४ टक्के वेळ वाचेल. झाल्यावर म्हणाले २० टक्के वाचला. घड्याळ म्हणालं १९ टक्के जास्त लागला. ती २०२५च्या सुरुवातीची साधनं होती आणि ती माणसं आपला कोड कोळून प्यालेली होती, हे धरूनच तो आकडा वाचावा. मला त्यातली मधली ओळ टोचली. वेळ जास्त लागला आणि तरी वाचल्यासारखा वाटला! तेव्हापासून मी वहीत सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ टिपते. जुना, दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचायला माझा वेळ खरंच वाचतो. माझ्या हातच्या कोडात बदल करायला वाचत नाही. मी ते काम सांगेपर्यंत करून मोकळी झालेली असते.

खर्चाबद्दल आपल्या तक्त्यात एकच रकाना होता, ‘दरमहा किंमत’. आम्ही चौकशी केली तेव्हा कोपायलटची वैयक्तिक वर्गणी १० डॉलर होती, कर्सर आणि क्लॉडची २०. वीस डॉलर म्हणजे कर धरून दोन हजारांच्या आसपास, आणि आम्ही चौघं. पण खरा प्रश्न शेअर रिक्षा की मीटर, हा आहे. ठरलेल्या वर्गणीत किती फिरता येईल ते कंपनी ठरवते आणि बदलतेही. जून २०२५मध्ये कर्सरनं हिशेबाची पद्धत बदलली तेव्हा इतका ओरडा झाला की त्यांना माफी मागून काही पैसे परत द्यावे लागले. आणि मीटर घेतला तर तो टोकनवर पळतो. टोकन म्हणजे मजकुराचे तुकडे. इंग्रजी शब्द एक-दोन तुकड्यांत बसतो, देवनागरी शब्दाचे त्याहून जास्त होतात. तेव्हा मराठीत टिपणं लिहिणाऱ्याचा मीटर जलद पळतो. मी तरीही मराठीतच लिहिते. ग्राहकाचा नियम त्याच्या शब्दांत लिहिला की चूक कमी होते. ‘थकबाकीदार’ आणि ‘कसूरदार’ यांना इंग्रजीत एकाच शब्दात कोंबलं की पुढे गोंधळ माझाच.

फुकटाचं काय, असं आमच्या ऑफिसातला कळव्याचा मुलगा विचारतो. त्याच्या मोबाइलवर जिओकडून जेमिनी आलंय, चॅटजीपीटीची ‘गो’ वर्गणी वर्षभर फुकट मिळालीय. एकदा त्यानं क्रमवारीची अडचण सोडवायला खऱ्या सभासदांची यादी, पत्ते आणि फोन नंबरांसकट, मोबाइलच्या चॅटमध्ये चिकटवली. वाईट हेतू काहीच नव्हता. मी त्या दिवशी फार ओरडले, नंतर वाटलं ओरड स्वतःवर करायला हवी होती. कुणाला काय द्यायचं नाही हे मी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. आमचा गाळा, खुर्च्या आणि एसी विकला तरी त्यातलं पहिलं शून्य भरणार नाही. आता चाचणीसाठी आमच्याकडे बनावट सभासदांची यादी आहे. त्यात काळे, कावळे, कासार आणि बोऱ्हाडे भरपूर.

या मुलावर फार रागवायचं कारण नाही. घोडबंदर रोडला त्याच्या मावशीच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरचा हिशेब कुणाला लागत नव्हता. त्यानं एका रविवारी एआयला सांगून त्याची छोटी वेबसाइट उभी केली आणि ती चालते. त्यातली एक ओळही त्यानं वाचलेली नाही. ओपनएआयच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५मध्ये याला ‘व्हाइब कोडिंग’ म्हटलं, आणि शनिवार-रविवारच्या टाकाऊ प्रकल्पांना ते बरं आहे असंही तेव्हाच म्हटलं होतं. लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला. टँकर मोजायला ते चालतं. ठेवी मोजायला मी चालू देणार नाही. म्हणून दुपारी चारच्या चहाला आमच्याकडे वाचन असतं : ज्यानं जो कोड जोडायला आणला तो त्यानं मोठ्यानं वाचून समजावायचा. अडला की कोड परत. पहिल्या आठवड्यात मुलगा तीनदा अडला. त्यात एकदा त्यानं धाकट्यानं सुचवलेली, मराठी अंकांची म्हणून एक लायब्ररी जोडली होती, जी अस्तित्वातच नव्हती. बरं झालं नव्हती! अशी काल्पनिक नावं हेरून त्याच नावानं घातक कोड चढवून ठेवायचा, हाही आता एक धंदा आहे.

ऐरोलीच्या मुलीनं पहिले सहा महिने एआयची सुचवणी बंद ठेवून हातानं लिहावं, असं माझं मत आहे. ती म्हणते, ‘‘मॅडम, तुम्ही कॅल्क्युलेटर बंद ठेवून ताळेबंद जुळवता का?’’ यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा त्यात निदान एक रकाना मराठी कामाचा ठेवा : अंक शब्दांत, वर्णक्रम, ऱ, लाख-कोटींचे स्वल्पविराम, २९ फेब्रुवारी. आमच्या साठ चाचण्या, उत्तरांसकट, या पत्रासोबत जोडल्या आहेत. उत्तरं माणसानं लिहिली आहेत, चौसष्ट आईनं. ज्याला हव्यात त्याला फुकट द्या. कुणाच्या वहीत यापेक्षा वाकड्या चुका असतील तर मला हव्या आहेत, विशेषतः वतन, सातबारा किंवा पंचांगाच्या तारखांवर काम करणाऱ्यांच्या. तिथे काय काय घडत असेल याची मला नुसती कल्पनाही करवत नाही.

आणि हे पत्र छापलंत तर ‘बोऱ्हाडे’ तेवढं डोळ्यांनी तपासून घ्या. आपल्या छापखान्यातही ऱ दोन तऱ्हांनी येत असणार.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे
(नाव कळवलं आहे, छापू नये.)